ऐकणाऱ्याची शिदोरी : मनोव्यथेच्या उपचाराचा भार कोणीं वाहिला याचा अल्प इतिहास

महोत्सवाच्या स्मरणिकेंत देवळाची पायाभरणी, घंटेची प्रतिष्ठापना आणि आजवर होऊन गेलेल्या धर्मगुरूंचे कार्यकाल यांस मानाचें स्थान मिळतें, व तें योग्यच आहे. तीं पानें इतर लेखकबंधूंनीं भरलीं आहेत. संपादकमंडळानें मजकडे इतिहासविषयक लेख मागितला, तेव्हां दगडविटांचा इतिहास बाजूस ठेवून दुसराच एक इतिहास सांगण्याची परवानगी मीं मागून घेतली. शरीर आजारी पडलें म्हणजे वैद्याकडे जावें, हें लहान मूलही जाणतें. परंतु मन आजारी पडलें म्हणजे त्याचें गाऱ्हाणें कोणीं ऐकावें, आणि त्या ऐकणाऱ्याच्या चुलीवरचा भात कोणाच्या तांदुळाचा शिजावा, हा प्रश्न जुना असून आजही पुरता सुटलेला नाहीं. महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांतील माणसांस तर तो टाळतां येण्यासारखा नाहीं.

वाचकहो, आपल्या या खोऱ्यानें एका पिढीच्या आयुष्यांत काय काय पाहिलें, तें क्षणभर आठवा. २००५ च्या जुलैंत जुई, दासगांव, रोहण व कोंडिवते येथें दरडी कोसळल्या आणि घरेंच्या घरें चिखलाखालीं गेलीं. २०१६ च्या २ ऑगस्टच्या रात्रीं सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला व त्याबरोबर एस्. टी. च्या दोन गाड्या प्रवाशांसह गेल्या. २४ ऑगस्ट २०२० रोजीं महाड शहरांत एक पांचमजली इमारत ढासळून १६ जीव गेले. पुढें वर्ष पुरें होतें न होतें तोंच २२ जुलै २०२१ हा दिवस उजाडला. महाड शहर पाण्यांत बुडालें, तळिये गांवावर डोंगर आला व ऐंशींहून अधिक माणसें घेऊन गेला. पोलादपूर तालुक्यांत केवनाळे व सुतारवाडी येथेंही त्याच सुमारास दरडींनीं घात केला.

अशा वेळीं मदत येते. तांदूळ येतो, चादरी येतात, औषधें येतात, आणि ज्या सज्जनांनीं तीं आणलीं त्यांचे उपकार विसरणें हा कृतघ्नपणा होईल. परंतु संकटामागून येणारी मदत ही संकटाइतकीच घाईची असते. चिखल सुकला कीं गाड्या परत फिरतात. मनांतला चिखल मात्र तेव्हां कोठें ओला होऊं लागतो. आषाढ-श्रावणांत पावसानें जोर धरला म्हणजे उशाशीं कागदपत्रांची पिशवी बांधून रात्र बसून काढणारीं माणसें मीं पाहिलीं आहेत. कर्ता पुरुष मुंबईस चाकरीला, घरांत म्हातारी व मुलें, आणि साऱ्यांच्या वतीनें जागी राहणारी एक बाई, हें चित्र आपल्याकडील पुष्कळ वाड्यांचें आहे.

अशाच एका बाईची हकीकत सांगतों. नांवगांव सांगत नाहीं. पुरानंतर तिची झोप गेली. डॉक्टरांनीं गोळ्या दिल्या आणि, दर आठवड्यास एकदां समुपदेशकाकडे जाऊन बोलत जा, असेंही सांगितलें. समुपदेशक शहरांत. तिनें माझ्यासमोर बोटांवर हिशेब केला : दोघींचें जाण्यायेण्याचें भाडें, स्वतःच्या मजुरीचा खाडा, सोबतीला येणाऱ्या जावेचा खाडा, आणि शेवटीं फी. हिशेब संपल्यावर ती म्हणाली, "फादर, दुःखापरीस दुःखाचें भाडें जास्त आहे." ती दोनदां गेली, तिसऱ्यांदा गेली नाहीं.

दुसरी हकीकत माझी स्वतःची आहे. त्या वर्षीं मीं महिनोन् महिने लोकांचें ऐकलें. सेमिनरींत पापनिवेदन ऐकण्याचें शिक्षण मिळालें होतें, पण हें ऐकणें निराळें होतें. होतां होतां माझीच झोप उडाली व वेदीवर उभा असतां चित्त ठिकाणावर राहीना. एका वडील धर्मबंधूनें मला हाताला धरून शहरांतील एका समुपदेशक बाईंकडे नेलें आणि फीही त्यानेंच भरली. मला बरें वाटलें. शेवटच्या भेटींत मीं त्या बाईंना सहज विचारलें, आपला निर्वाह यावर चालतो काय? त्या हंसून म्हणाल्या, "गरिबांकडून कमी घेतें, म्हणून सकाळीं एका शाळेंत नोकरी करतें." घरीं परततांना मी मनाशीं म्हणालों, औषध जिला हवें तिला तें परवडत नाहीं, आणि जी तें देते तिला देणें परवडत नाहीं, मग हा व्यवहार जगांत चालला तरी कसा? या प्रश्नाच्या मागोव्यानेंच पुढील इतिहास मीं धुंडाळला.

यजमान घरें आणि एक भिक्षेकरी संत

बेल्जम देशांत घेल नांवाचें एक गांव आहे. तेथें कुमारी हुतात्मा संत डिम्फना हिचें देवस्थान असून १५ मे रोजीं तिचा सण असतो. मनोरुग्णांची ती आश्रयदात्री. मध्ययुगापासून तिच्या दर्शनास वेडे म्हणून हेटाळलेले लोक आणले जात. देवळालगतच्या खोल्यांत जागा पुरेना, तेव्हां गांवकऱ्यांनीं त्यांस आपल्या घरांत ठेवून घेतलें. पाहुणा शेतावर काम करी, मुलें सांभाळी, पंगतीस बसे. भक्तीनें सुरू झालेली ही प्रथा शतकानुशतकें टिकली, त्याचें कारण केवळ भक्ति नव्हे. पाहुण्याच्या खर्चाप्रीत्यर्थ यजमान घरास कांहीं रक्कम मिळत असे. एकोणिसाव्या शतकांत सरकारनें ती व्यवस्था आपल्याकडे घेतली, रुग्णालय बांधलें आणि अडचणीच्या वेळीं यजमानाच्या पाठीशीं वैद्य उभा केला. १९३० नंतरच्या दशकांत अशा पाहुण्यांची संख्या साडेतीन हजारांवर गेली होती. यजमानाची करुणा आटूं नये म्हणून तिला शिदोरी व सोबत देण्यांत आली, हा घेलचा धडा होय.

'देवाचा योहान' म्हणून ज्यास ख्रिस्तसभा ओळखते, त्या संताचें चरित्रही येथें आठवतें. हा पोर्तुगालांत जन्मलेला ग्रंथविक्रेता. १५३९ च्या सुमारास स्पेनमधील ग्रानादा शहरीं एक प्रवचन ऐकून तो पश्चात्तापानें इतका विव्हळ झाला कीं लोकांनीं त्याला वेडा ठरवून इस्पितळांत कोंडलें. त्या काळच्या रीतीप्रमाणें तेथें चाबकाचे फटके हाच उपचार. बाहेर पडल्यावर त्यानें स्वतःचें रुग्णालय काढलें. रात्रीं तो पाठीवर टोपली घेऊन रस्तोरस्तीं भिक्षा मागे, आणि दान देणारा स्वतःचेंच कल्याण करीत आहे, असें बजावी. पुढें नदीस पूर आला असतां बुडणाऱ्या एका मुलास वांचविण्यासाठीं तो पाण्यांत उतरला. त्यांतून जडलेल्या दुखण्यानें ८ मार्च १५५० रोजीं त्यानें देह ठेवला. एकटा मनुष्य कितीही थोर असला तरी त्याचें शरीर एकच असतें. त्याचें कार्य टिकलें, कारण त्याच्या मागें सोबती होते, आणि १५७२ सालीं पोपमहाशय पाचवे पायस यांनीं त्या सोबत्यांच्या संघास मान्यता दिली. संत गेला, नियम, घर व सामायिक पेटी मागें राहिली.

एका तासाचा हिशेब

बोलून व ऐकून मनोव्यथा हलकी करण्याची आधुनिक विद्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्ना शहरीं उदयास आली. तिचे प्रवर्तक डॉक्टर फ्रॉइड यांचीं धर्माविषयींचीं मतें आपणांस मान्य होण्यासारखीं नाहींत. परंतु १९१८ सालीं बुडापेस्ट येथील परिषदेंत त्यांनीं जें प्रतिपादन केलें तें कोणाही धर्मनिष्ठाच्या काळजास भिडावें. क्षयरोग्याच्या उपचाराची सोय जशी समाज करतो, तशीच मनोरुग्ण गरिबाच्या उपचाराची त्यानें करावी, असा त्यांचा आशय होता. त्यानंतर १९२० सालीं बर्लिन शहरीं मॅक्स आयटिंगॉन यांनीं मुख्यतः स्वतःचा पैसा घालून चिकित्सालय उघडलें. ज्याला जेवढें देववेल तेवढें त्यानें द्यावें. ज्याला कांहींच देववत नाहीं त्यानें तसेंच यावें. १९२२ सालीं व्हिएन्नांतही असें चिकित्सालय निघालें. १९३३ नंतर नाझी राजवटीनें हीं कामें उध्वस्त केलीं. तरी आयटिंगॉन यांची पेटी खोल होती म्हणून बर्लिनचें दार उघडें राहिलें होतें, ही गोष्ट विसरतां येत नाहीं. ज्या गांवीं असा धनिक नाहीं, तेथें काय करावें?

येथें हिशेबाची एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दवाखान्यांतील डॉक्टर एका तासांत दहा रोगी तपासूं शकतो. ऐकणाऱ्याचा मात्र एक तास एकाच माणसाचा असतो, आणि दिवसाकांठीं पांचांहून अधिक माणसांचें दुःख मनापासून ऐकणें बहुतेकांस झेपत नाहीं. महिन्याचे वीस दिवस धरले तर शंभर भेटी होतात. समजा, त्या समुपदेशकास घरखर्च, खोलीचें भाडें व स्वतःच्या पुढील शिक्षणाचा खर्च मिळून महिना ४०,००० रुपये लागतात. तर एका भेटीचे ४०० रुपये पडले. म्हणजे बहुधा मजुराची एका दिवसाची कमाई. आठ भेटी म्हणजे आठ दिवसांची कमाई, शिवाय आठ खाडे व आठ वेळचें भाडें. यांत लबाडी कोणाचीच नाहीं. समुपदेशक लोभी नाहीं, मजूर कंजूष नाहीं. तरीही दोघांची भेट होत नाहीं. तेव्हां तिसऱ्या कोणीतरी मध्यें येऊन भार उचलला पाहिजे, किंवा कामाचीच वांटणी निराळ्या रीतीनें केली पाहिजे. आजवरचे सर्व प्रयत्न या दोन वाटांनीं गेले आहेत.

ठराव आणि पाणी

भार उचलणारा तिसरा म्हणून प्रथम सरकार डोळ्यांपुढें येतें. आपल्या प्रांतांत इंग्रजी अमलांत मनोरुग्णालयें निघालीं; रत्नागिरीचें १८८६ सालचें, ठाण्याचें १९०१ सालचें. तीं भिंतीआडचीं घरें होतीं; घरींच राहून झुरणाऱ्या माणसासाठीं नव्हतीं. स्वातंत्र्यानंतर १९८२ सालीं राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. कर्नाटकांतील बळ्ळारी जिल्ह्यांत केलेल्या प्रयोगाच्या धर्तीवर १९९६ पासून जिल्हावार योजना निघाली. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं व्यथित होऊन महाराष्ट्र शासनानें २०१५ सालीं 'प्रेरणा' प्रकल्प हातीं घेतला. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलांत आला. त्यानें सरकारी सेवेंतून मनाचा उपचार मिळणें हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आणि दारिद्र्यरेषेखालील माणसास तो विनामूल्य ठेवला. २०२२ च्या १० ऑक्टोबरला 'टेलि-मानस' ही दूरध्वनीसेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर मराठींतूनही विनामूल्य बोलतां येतें. हा क्रमांक प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहिलेला असावा, अशी माझी विनंति आहे.

हें सारें स्वागतार्ह आहे. तथापि बेंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेनें २०१५-१६ सालीं केलेल्या पाहणींत, मनोविकारानें पीडित असलेल्या शंभरांपैकीं सत्तरांहून अधिक माणसांना उपचार मिळतच नाहींत, असें आढळलें. हक्क आहे आणि वस्तु नाहीं, हें कसें? महाडकरांस याचें उत्तर बाहेरून आणावयास नको. १९२३ सालीं सीताराम केशव बोले यांच्या ठरावानें मुंबई कायदेमंडळानें सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले ठरविले, आणि १९२४ सालीं महाडच्या नगरपालिकेनें चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला. परंतु ठरावानें कोणाची तहान भागली नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर हजारों माणसांसह तळ्यापर्यंत चालत गेले व त्यांनीं तें पाणी ओंजळींत घेतलें. त्यानंतरही मारहाण झाली, दावा लागला, आणि १९३७ सालीं हायकोर्टाचा निकाल लागेतों दहा वर्षें गेलीं. त्या अन्यायाची तुलना दुसऱ्या कशाशीं करूं नये. तथापि ठराव आणि पाणी यांच्यांत एक अंतर असतें व तें माणसांना पायांनीं तोडावें लागतें, एवढा धडा आपल्याच गांवच्या तळ्यानें दिलेला आहे. आपल्या जिल्ह्याचें मुख्य ठाणें अलिबाग महाडापासून शंभर किलोमीटरांहून दूर, पोलादपूर त्याहून पलीकडे, आणि डोंगरांतल्या वाड्या त्याहूनही पलीकडे. हें अंतर कायद्याच्या कागदानें कमी होत नाहीं.

कामाची वांटणी

आतां दुसरी वाट पाहूं. आपले शेजारी गोंयकार यांच्या भूमींत १९९६ सालीं डॉक्टर विक्रम पटेल व त्यांचे सहकारी यांनीं 'संगत' ही संस्था स्थापिली. त्यांचा विचार साधा होता : तज्ज्ञ थोडे आहेत, तर तज्ज्ञाचें सर्व काम तज्ज्ञानेंच केलें पाहिजे काय? शाळा शिकलेल्या, माणसांत मिसळणाऱ्या स्थानिक स्त्रीपुरुषांस निवडून त्यांना उदासीनतेवरील बोलण्याचा एक नेमका उपचार शिकविण्यांत आला. सहा ते आठ भेटी; रोग्यानें सोडून दिलेलीं लहानसहान कामें व गांठीभेटी हळूहळू पुन्हां सुरू करणें, हा त्याचा गाभा. गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत सुमारे पांचशें रोग्यांवर याची काटेकोर परीक्षा झाली. तीन महिन्यांनीं, ज्यांना हा उपचार मिळाला त्यांच्यांत शेंकडा ६४ बरे झाले. ज्यांना केवळ नेहमीची सेवा मिळाली त्यांच्यांत शेंकडा ३९. हा निष्कर्ष 'लॅन्सेट' या विख्यात वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाला आहे.

या यशांतील एक बारकावा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. या समुपदेशकांना शिकवून वाऱ्यावर सोडलें नव्हतें. ते ठरलेल्या वेळीं एकत्र बसत, एकमेकांच्या भेटींचें ध्वनिमुद्रण ऐकत, चुका दाखवीत आणि मनावरचा भार वांटून घेत. ऐकणाऱ्याचेंही कोणी ऐकत होतें! माझ्याजवळ त्या वर्षीं हेंच नव्हतें.

आपल्या महाराष्ट्रांतही नाशिक जिल्ह्यांतील पेठ या डोंगराळ तालुक्यांत 'आत्मीयता' नांवाचा उपक्रम २०१३ पासून कांहीं वर्षें चालला. पेठ म्हणजे जणूं पोलादपूरचें भावंड. तोच सह्याद्रि, तींच पांगलेलीं पाडेवस्त्यांचीं घरें. गांवांतीलच स्वयंसेवक कोण कोमेजलें आहे तें ओळखीत, चार गोष्टी बोलत, आणि सरकारी मदतीचा अर्ज अडला असेल तर तोही पुढें ढकलीत. दुःख मनांत असतें खरें. पण त्याचीं मुळें पुष्कळदां सातबाऱ्यांत व सावकाराच्या वहींत असतात, हें त्यांनीं ओळखलें होतें.

तथापि येथें एक इशारा देणें माझें कर्तव्य आहे. काम वांटावयाचें म्हणजे तें गरीब बाईच्या माथीं फुकट मारावयाचें, असा अर्थ सहज होऊन बसतो. आपल्या आशासेविकांस पगार नसून मोबदला व मानधन मिळतें, आणि त्यासाठीं २०२१ च्या जूनमध्यें त्यांना राज्यभर संप करावा लागला. त्याच्या पुढच्याच महिन्यांत आपल्याकडे डोंगर कोसळले. संकटांत जिच्याकडे सारे धांव घेतात, तिच्या घरचा दिवा कशावर जळतो हें कोणी विचारीत नाहीं. कामकरी मजुरीस पात्र आहे, हें प्रभूनें आपल्या शिष्यांस पाठवितांनाच सांगून ठेविलें आहे. सेवेचें गुणगान करून मजुरी बुडविणें हें ख्रिस्ती माणसास शोभत नाहीं.

तिसराही एक मार्ग आहे, परस्परांचा. दारूच्या पाशांतून सुटूं पाहणाऱ्यांची जी बंधुसभा १९३५ सालीं अमेरिकेंत निघाली व १९५७ सालीं भारतांत आली, तिच्यांत फी नाहीं आणि बाहेरची देणगीही नाहीं. सभासदच ऐपतीप्रमाणें पेटींत टाकतात, आणि काल जो बुडत होता तोच आज दुसऱ्यास हात देतो. त्या मार्गानें चालून फादर जोसेफ परेरा यांनीं १९८१ सालीं वांद्रें येथें 'कृपा' प्रतिष्ठान उभें केलें. पुण्यास डॉक्टर अनिता व अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं 'मुक्तांगण' काढलें. या संस्थांतून बरे झालेले कित्येक तेथेंच सेवक झाले. प्रत्येक मनोव्यथेस ही वाट पुरी पडणार नाहीं. पण जेथें पडते, तेथें ती सर्वांत स्वस्त व सर्वांत टिकाऊ ठरली आहे.

आपल्या वांट्याचें

कोणी म्हणेल, फादर, पापनिवेदन आहे, प्रार्थना आहे, मग हें कशाला? पापनिवेदनांत पापाची क्षमा मिळते. पण ज्या बाईची झोप दरडीनें नेली, तिनें कोणतें पाप केलें? मोडलेल्या हाडासाठीं आपण नोव्हेना करतों आणि हाडवैद्याकडेही जातों. मनाच्या बाबतींत एकच कां करावें?

म्हणून एक नम्र सूचना. ज्या आठ भेटींचा हिशेब वर मांडला, त्यांतील भाड्याचा व खाड्याचा भार समुपदेशकच खोऱ्यांत आल्यास बहुतांशीं उतरतो. आठवड्यांतून एक दिवस, पांच भेटी, महिन्याच्या वीस. ४०० रुपयांप्रमाणें महिना ८,००० रुपये. दोनशें घरांनीं, मग तीं कोणत्याही धर्माचीं असोत, महिना ४० रुपये पेटींत टाकले तर ते भरतात. ज्याला देववतें त्यानें स्वतःच्या भेटीचे पुरे पैसे द्यावे. ज्याला देववत नाहीं त्याचे पेटीनें द्यावे. आणि कोणी किती दिलें हें पेटी सांभाळणाऱ्यावांचून कोणास कळूं नये. खोली आपली आहे. तिला रस्त्याकडून दिसणार नाहीं असें एक दार आहे. येणाऱ्या समुपदेशकास ठरलेला मोबदला ठरल्या दिवशीं मिळावा, आणि महिन्यांतून एकदां त्याच्या वडीलधाऱ्या सहकाऱ्याकडे जाऊन मन मोकळें करण्याचा खर्चही पेटीनेंच सोसावा. याच्या जोडीस सरकारी रुग्णालयांतील सेवेची मागणी आपण सोडूं नये. ती आपल्या हक्काची आहे.

जुन्या करारांत महोत्सवाचें वर्ष म्हणजे केवळ मेजवानीचें वर्ष नव्हतें. त्या वर्षीं गहाण पडलेली जमीन मूळ धन्यास परत जाई व बंधनांत पडलेला मनुष्य आपल्या घरीं परते. आपल्या खोऱ्यांतील पुष्कळांचा जीव अजून त्या पावसाकडे गहाण पडलेला आहे. तो एकट्यानें सोडवून आणणें कोणासही झेपणार नाहीं. सर्वांनीं मिळून मात्र तें होईल. ती बाई अजून येथेंच राहते. महोत्सवाची मिस्सा संपल्यावर देवळाच्या दाराशीं एक नवी पेटी ठेवलेली दिसेल. तिच्यावर कोणाचेंही नांव असणार नाहीं.

परमेश्वर या खोऱ्याचें, येथें दुःख सोसणाऱ्यांचें आणि तें ऐकून घेणाऱ्यांचें रक्षण करो.